क्यूए डॅशबोर्डच्या नोंदी: जिरा, जेनकिन्स, शीट आणि पुण्यातला गुरुवार

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

बाणेरच्या ऑफिसात आमची टेस्टिंगची (क्यूए) टीम बसते, क्लायंट दोन. एक भोसरी एमआयडीसीतला कारखाना, त्यांचं प्रॉडक्शन प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर आम्ही तपासतो, दुसरं एक इन्शुरन्सचं पोर्टल. बग म्हणजे सापडलेल्या चुका जिरात नोंदवतो, ऑटोमेशनचे म्हणजे आपोआप चालणाऱ्या टेस्टचे रन जेनकिन्सवर, हाताने केलेलं मॅन्युअल टेस्टिंग गुगल शीटमध्ये. दर शुक्रवारी लीड मॅडम तिन्हीकडचं गोळा करून पीपीटी बनवतात, अर्धा दिवस त्यातच जातो आणि सोमवारी कुणी फाईल उघडली की आकडे शिळे. सर म्हणाले ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की सगळं एका पानावर दिसलं पाहिजे, म्हणजे डॅशबोर्ड, आणि काम माझ्या गळ्यात पडलं. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी नोंदी ठेवतोय.

क्लायंटच्या करारात लिहिलंय की डेटा बाहेर न्यायचा नाही, म्हणजे डॅशबोर्ड क्लाउडवर ठेवणं बाद. कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप धूळ खात पडला होता, त्यात नवीन एसएसडी आणि १६ जीबी रॅम टाकून उबुंटू २४.०४ चढवलं. डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, खेचायला पायथनच्या स्क्रिप्ट. चार्ट दाखवायला ग्राफाना की मेटाबेस (दोन्ही डॅशबोर्डची तयार सॉफ्टवेअर) यावर जरा घोळ झाला, म्हटलं दोन्ही लावून बघू, तर दुसरं काही उठेचना, कारण दोघांचाही डिफॉल्ट पोर्ट (मशीनमध्ये शिरायच्या दाराचा नंबर) ३००० च. मेटाबेसमध्ये सरांसारखा माणूस एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) न लिहिता स्वतः प्रश्न विचारू शकतो ही त्याची मोठी जमेची बाजू, पण आम्हाला भिंतीवरच्या टीव्हीवर सतत चालू ठेवायचं होतं आणि त्याला ग्राफाना बरं वाटलं. मेटाबेस लावणाऱ्यांनी एक करा, त्याचा स्वतःचा डेटाबेस सुरुवातीला एच-टू या छोट्या डेटाबेसच्या फाईलमध्ये असतो तो पहिल्याच दिवशी पोस्टग्रेसवर हलवा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जिरापासून सुरुवात. जुन्या एका प्रोजेक्टातली बग खेचायची स्क्रिप्ट हाताशी होती, चालवली तर थेट ४१० एरर, म्हणजे हा पत्ता आता नाही. जिरा क्लाउडवर सर्चचा जुना एपीआय (स्क्रिप्टने डेटा मागायचा मार्ग) काढून टाकलाय, आता शेवटी जेक्यूएल (जिराची शोधायची भाषा) असलेला नवा पत्ता वापरायचा. मला वाटलं पत्ता बदलला की झालं, पण तसं नाही. नवीन वाल्याला कुठली फील्ड हवीत ते सांगितलं नाही तर तो फक्त आयडी देतो, त्यामुळे टेबलात रो तर सगळे आले पण टायटल, स्टेटस, तारीख सगळं रिकामं, आणि एरर कसलाच नाही. आधी कितव्या रेकॉर्डपासून पाहिजे तो आकडा देऊन पाच-पाच पानं एकाच वेळी खेचता यायची, आता प्रत्येक उत्तरासोबत पुढच्या पानाचं टोकन येतं आणि तेच परत द्यावं लागतं, म्हणजे एकामागून एकच. आणि एकूण किती हा आकडा आता येत नाही. आमचा लूप नेमका त्या आकड्यावर चालायचा, तो पहिल्या पानानंतर निमूट थांबला. अंदाजे संख्या देणारा वेगळा एंडपॉइंट (पत्ता) आहे पण लूपसाठी त्याच्या नादी लागू नका, टोकन यायचं थांबलं की थांबा.

अजून एक. स्क्रिप्टच्या लॉगिनचं टोकन (एक प्रकारचा पासवर्ड) कुणाच्या स्वतःच्या अकाउंटवरून काढू नका, माणूस नोकरी सोडतो आणि डॅशबोर्ड मरतो. वेगळं अकाउंट घेतलं. नव्या टोकनची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची मिळते, तर संपायची तारीख टीमच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे पुण्यात कुणाला सांगायला लागत नाही. बिल्डिंगच्या जनरेटरवर आमच्या कोपऱ्यातला सॉकेट नाहीये हे मात्र आज कळलं. मशीनला यूपीएस होता, त्याची बॅटरी मेलेली, पिकपिक करून दोन मिनिटात गप्प. पोस्टग्रेसला काही झालं नाही, परत चालू केल्यावर त्याने स्वतःचा लॉग वाचून सगळं जागेवर आणलं. पण लाईट आल्यावर मशीन आपोआप सुरू झालंच नाही, आणि हाताने सुरू केलं तर डॉकरचे कंटेनर (ज्यांत पोस्टग्रेस, ग्राफाना चालतात ते डबे) झोपलेले.

दोन दुरुस्त्या. बायोसमध्ये पॉवर परत आल्यावर काय करायचं याची एक सेटिंग असते, ती ऑन केली. कंपोज फाईलमध्ये (कंटेनर कसे चालवायचे ते यात लिहितात) प्रत्येक सर्व्हिसला रीस्टार्ट पॉलिसी दिली, अनलेस-स्टॉप्ड, म्हणजे हाताने थांबवलं नसेल तर आपोआप उठ. संध्याकाळी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन १२ व्होल्ट ७ एएच ची बॅटरी आणली, हजाराच्या आसपास पडली. दुकानदार म्हणाला, साहेब जुनी आणली असती तर कमी केले असते. जाताना लक्षात ठेवा.

१० नोव्हेंबर, सोमवार

जेनकिन्स. प्रत्येक रननंतर निकालांच्या जेयुनिट पद्धतीच्या एक्सएमएल फाईली पडतात, त्या वाचून टेबलात भरायच्या. सोपं काम, म्हणून सकाळी घेतलं आणि रात्री घरी नेलं. जेनकिन्सच्या कन्सोलवर ४६० टेस्ट, आमच्या टेबलात ४१२. फाईल हाताने उघडून ओळ ओळ बघितली तेव्हा सापडलं, एकच लॉगिनची टेस्ट वेगवेगळ्या डेटावर चालते आणि एक्सएमएलमध्ये प्रत्येक वेळी क्लास तोच, नाव तेच. आपल्या टेबलाची युनिक की (प्रत्येक रोची वेगळी ओळख) होती जॉब, बिल्ड नंबर, क्लास आणि नाव. रो आधीच असेल तर अपडेट कर असं स्क्रिप्टला सांगितलेलं, म्हणून शेवटचा रो आधीच्यांच्या डोक्यावर बसत होता. आधीचे फेल आणि शेवटचा पास असेल तर ते फेल कुठेच दिसणार नाहीत, ही खरी भीती.

पहिला उपाय, नावापुढे अनुक्रमांक लावायचा. चालतं, पण उद्या कुणी डेटात मधे एक ओळ घातली की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि एका टेस्टचा इतिहास दुसरीच्या नावावर जातो. म्हणून ऑटोमेशनच्या पोरांना हात जोडले की बाबांनो पॅरामीटर (ज्या डेटावर टेस्ट चालली तो) टेस्टच्या नावातच घ्या. कुरकुर झाली, पण केलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कालच्या फाईलीत अजून एक माल सापडला. मेवनच्या शुअरफायर या टेस्ट चालवणाऱ्या प्लगइनमध्ये फेल झालेली टेस्ट परत चालवायची सोय आहे आणि आमच्याकडे ती चालू आहे. पहिल्यांदा फेल, दुसऱ्यांदा पास झाली तर ती पासच मोजतात, फक्त टेस्टकेसच्या आत फ्लेकी-फेल्युअर (फ्लेकी म्हणजे कधी पास, कधी फेल) नावाचा एक टॅग राहतो. तो कुणी वाचतच नव्हतं. वेगळा कॉलम करून वाचला. लीड मॅडमना यादी दाखवली तर म्हणाल्या, "अरे, ह्या तर त्याच टेस्ट आहेत ज्यांच्यावरून रिलीजच्या आदल्या रात्री भांडणं होतात." माझ्या मते अख्ख्या डॅशबोर्डातला सगळ्यात कामाचा तक्ता हाच आहे, आणि तो मागितला कुणीच नव्हता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लाईट गेली, यूपीएसने वीस मिनिटं काढली, मग मशीन बंद. लाईट आल्यावर आपलं आपण उठलं, कंटेनरही उठले. बास.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रात्रीचे रन आदल्या दिवसात दिसतायत. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे रात्री २ ला सुटलेला रन तिकडे आदल्या दिवशीच्या रात्री साडेआठचा. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतलं सगळं एक दिवस मागे, आणि आमचा मोठा रिग्रेशन रन (जुनं काही बिघडलं नाही ना ते बघणारा) नेमका तेव्हाच चालतो. मॅडम शुक्रवारच्या रकान्यात शुक्रवारचा निकाल समजून शनिवारी पहाटेचा बघत होत्या, असला गोंधळ.

वेळेचे कॉलम साधे टाइमस्टॅम्प होते ते टाइमझोनवाले केले आणि दिवसावार गट करताना आधी एशिया/कोलकाता झोनमध्ये आणायचं, मगच तारीख काढायची. क्रम उलटा केला तर काही उपयोग नाही. ग्राफानात डॅशबोर्डच्या सेटिंगमध्येही झोन ठरवता येतो, पण त्याने फक्त दाखवण्यातला फरक पडतो, क्वेरीत आधीच चुकीच्या दिवसात पडलेली बेरीज सुधारत नाही. जिराचंही बघा, जेक्यूएलमधल्या तारखा प्रोफाईलच्या टाइमझोनने धरल्या जातात आणि नवीन काढलेल्या अकाउंटचा झोन भलताच असू शकतो. आमचा होता.

जाता जाता स्क्रिप्टमध्ये शेवटच्या एका दिवसाऐवजी शेवटच्या तीन दिवसांचे बदललेले बग खेचायला लावले. एखाद्या रात्री नेट गेलं तरी दुसऱ्या रात्री भरून निघतं, तेच रो परत आले तरी अपडेट होतात, दुप्पट होत नाहीत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मॅन्युअलची शीट. यावर स्वतंत्र पुस्तक निघेल. निकालाच्या रकान्यात पास, पास्ड, मोठ्या अक्षरातला पास, मागे स्पेस असलेला पास, "ओके", "झालं", आणि एका ठिकाणी नुसता हिरवा रंग, आत अक्षर नाही. रंग सीएसव्हीत (नुसत्या अक्षरांच्या फाईलीत) येत नाही हे ज्याने भरलं त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "दादा पण दिसतंय ना हिरवं."

तारखांचा प्रकार त्याहून भारी. पांडाज या पायथनच्या लायब्ररीने ०३/११ ही तारीख ११ मार्च वाचली, तो महिना आधी धरतो. ११/११ सोडून १२ तारखेपर्यंतच्या सगळ्या ओळी अशा वेगवेगळ्या महिन्यांत उधळल्या, १२/११ तर चक्क ११ डिसेंबर, अजून उजाडायचाय. १३ तारखेपासूनच्या ओळी गायबच, कारण तेरावा महिना नसतो आणि न जमलेली तारीख रिकामी सोड असं स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं, रिकाम्या तारखेच्या ओळी पुढे गळून पडल्या. दिवस आधी असा पर्याय देऊन बघितला, त्याने चाललं, पण शेवटी तारखेचा पूर्ण फॉरमॅटच लिहून दिला आणि न जमली तर बोंब मार असं केलं. गपचूप गाळणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा सकाळी सकाळी एररचा मेल आलेला परवडला.

शीटमध्ये निकालाला ड्रॉपडाऊन लावला, बाहेरचं काही टाइप करताच येत नाही. पहिल्याच दिवशी हे करायला पाहिजे होतं, साफसफाईच्या कोडची निम्मी लांबी वाचली असती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज कोड शून्य, मीटिंग दोन तास. विषय: पास टक्के.

समजा ४०० टेस्ट आहेत, ३४० पास, २० फेल, ४० स्किप. सगळ्या धरल्या तर ८५ टक्के. स्किप वगळल्या तर ३६० पैकी ३४०, म्हणजे साडेचौऱ्याण्णवच्या जवळ. ऑटोमेशनवाल्यांना दुसरा आकडा पाहिजे, म्हणतात जी चाललीच नाही तिचं आमच्या माथी का. मॅडमना पहिला, त्या म्हणतात जी चालली नाही ती तपासली गेली नाही, क्लायंटला काय सांगायचं. जेयुनिटच्या फाईलीत एकूणमध्ये स्किप धरलेले असतात, म्हणजे कुणी काही न ठरवता चार्ट काढला तर पहिलाच आकडा येतो. गेली दोन वर्षं पीपीटीत कुठला जायचा? तर ज्याने त्या आठवड्यात पीपीटी केली त्याचा. सर हे ऐकून जरा वेळ गप्पच बसले.

ठरलं असं की टक्के मोठ्या अक्षरात दाखवायचेच नाहीत. पास, फेल, स्किप तीन आकडे शेजारी शेजारी, आणि स्किपवर क्लिक केलं की कारणांसकट यादी. चार्ट काढायला मला तासभर लागला असेल, बाकी सगळा वेळ असल्या गोष्टींत जातोय, तर तुम्ही अंदाज देताना हा वेळ धरा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नवीन पोराने सर्व्हिस रीस्टार्ट करताना कंपोज डाउनच्या (कंटेनर बंद करायची कमांड) मागे डॅश-व्ही लावलं. नुसत्या डाउनने व्हॉल्यूम (कंटेनरचा साठवलेला डेटा) राहतात, डॅश-व्हीने उडतात. ग्राफानाचे सगळे पॅनल (चार्टचे चौकोन) त्याच्या आतल्या एसक्यूलाइट फाईलमध्ये होते, ते गेले. पोस्टग्रेसचा रात्रीचा डंप (पूर्ण प्रत) दुसऱ्या मशीनवर जातो म्हणून डेटा वाचला, सकाळपासूनचा परत खेचला. पोरगं पांढरंफटक पडलं होतं, त्याला चहा पाजला. कमांड त्याला मीच चॅटवर पाठवलेली ही गोष्ट वेगळी.

पॅनल परत काढताना मात्र धडपणे काढले: डॅशबोर्ड जेसन फाईल म्हणून गिटमध्ये (हे फाईलींचा इतिहास ठेवतं), ग्राफाना सुरू होताना प्रोव्हिजनिंगमधून म्हणजे ठरवून दिलेल्या फाईलींतून उचलतो. आता ब्राउझरमधून बदल करून सेव्ह करता येत नाही, आधी एक्सपोर्ट करून गिटमध्ये टाकावं लागतं, याची लोकांना चिडचिड होते. होऊ दे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सरांना डिफेक्ट लीकेज हवाय, म्हणजे आपल्या हातून निसटून क्लायंटकडे सापडलेले बग एकूण बगच्या किती. त्यासाठी बग कुठे सापडला हे कळायला हवं. जिरात त्याचं फील्ड आहे, पण ऐच्छिक, बहुतेक रिकामं. मागच्या आठवड्यात कंपल्सरी केलं होतं. आज बघतो तर जवळजवळ सगळे बग "क्यूए सर्व्हर"वर सापडलेले, क्लायंटच्या माणसाने टाकलेले सुद्धा. यादीत तो पर्याय पहिला होता, बाकी काही नाही.

फील्ड परत ऐच्छिक केलं. आता बग कुणी टाकला त्या अकाउंटवरून ठरवतो, क्लायंटच्या ग्रुपमधला असेल तर निसटलेला. शंभर टक्के बरोबर नाही, आपलाच माणूस क्लायंटच्या फोनवरून ऐकून बग टाकतो तेव्हा चुकतं. तरी आधीपेक्षा कितीतरी खरं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

परत गुरुवार, पण यावेळी लाईटचा नाही. भोसरीच्या क्लायंटचा आठवड्याचा आलेख दर आठवड्याला मधेच खड्ड्यात जातो आणि शुक्रवारी उसळतो, सरांनी विचारलं गुरुवारी त्यांची माणसं काय करतात. काही नाही करत, सुट्टी असते! भोसरी-पिंपरीकडच्या कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, रविवारी कामावर. त्यांचे टेस्टर शुक्रवार ते बुधवार काम करतात आणि बुधवारी संध्याकाळी रिपोर्ट मागतात. पोस्टग्रेसचा आठवडा सोमवारी सुरू होतो, म्हणजे त्यांचा एक आठवडा आपण दोन तुकड्यांत कापत होतो.

उपाय छोटा आहे: तारखेतून ४ दिवस वजा करा, आठवड्याला गोल करा, परत ४ दिवस मिळवा, आठवडा शुक्रवारी सुरू. कुठल्या प्रोजेक्टला किती दिवस सरकवायचे याचा आकडा प्रोजेक्टच्या टेबलात ठेवला, इन्शुरन्सवाल्यांना शून्य. दिवाळीच्या आठवड्यातही असंच, रन झालेच नव्हते आणि ग्राफाना दोन टोकं रेघेने जोडून मधे सगळं सुरळीत चालल्यासारखं दाखवत होता. रिकाम्या जागा जोडायचा पर्याय बंद केला, खड्डा खड्ड्यासारखा दिसू दे.

१ डिसेंबर, सोमवार

टीव्ही लावला. टीव्हीच्या स्वतःच्या ब्राउझरवर ग्राफाना उघडलाच नाही, पांढरं पान. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर) लावून क्रोमियम ब्राउझर किऑस्क म्हणजे पूर्ण स्क्रीनच्या मोडमध्ये चालवला. कुणीतरी रिफ्रेश ५ सेकंदांवर ठेवला होता, डेस्कटॉपचा पंखा बोंबलायला लागला, रात्री एकदा येणारा डेटा दर ५ सेकंदांनी बघून काय मिळतं देव जाणे. १५ मिनिटं केलं. जड क्वेरीचे मटेरियलाइज्ड व्ह्यू (उत्तर आधीच काढून ठेवलेली टेबलं) केले. वाचन चालू असताना ते ताजे करायचे तर व्ह्यूवर युनिक इंडेक्स लागतो, नाहीतर पोस्टग्रेस नाही म्हणतो.

९ डिसेंबर, मंगळवार

हे जरा सविस्तर लिहितो. टीव्हीवर एक पॅनल होतं, रीओपन झालेले (बंद करून परत उघडलेले) बग, डेव्हलपरच्या नावासकट. सरांचीच फर्माईश. आठवडाभरात रीओपन एकदम खाली आले, सर खूश. मला खटकलं कारण नवीन बगची संख्या त्याच प्रमाणात वर गेली होती. चेंजलॉग (बगमधल्या बदलांचा इतिहास) काढून दोन-चार बग शेजारी लावून वाचले. एक बग बुधवारी क्लोज, गुरुवारी त्याच स्क्रीनवर तोच बग नवीन नंबरने, वर्णनात "आधीच्यासारखंच, बघा" आणि जुन्या बगची लिंक. टेस्टरला विचारलं तर म्हणाला, "डेव्हलपरनेच फोन करून सांगितलं, रीओपन नको करू, नवीन टाक, माझं नाव लागतं तिकडे भिंतीवर." चूक त्या दोघांची नाहीच म्हणा, टीव्ही ऑफिसच्या दारात आहे, पाणी प्यायला जाताना सगळ्यांना दिसतो.

नावं काढली. आता पॅनल मॉड्यूलवार आहे, कुठल्या मॉड्यूलमध्ये बग परत परत उघडतात. आणि टीव्हीवर काय जाईल याची यादी मॅडम ठरवतील असं झालं, फ्लेकी टेस्ट, स्किपची कारणं, रात्रीचा रन पूर्ण झाला की नाही, एवढंच. माणसांची नावं असलेलं काहीही टीव्हीवर नाही. सरांना ते पटलेलं नाही अजून, त्यांना स्वतःच्या लॅपटॉपवर नावं दिसतात, त्यावर तडजोड झाली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

खर्च विचारतायत म्हणून: रॅम आणि एसएसडी मिळून सात हजारांच्या आत, बॅटरी हजार, रास्पबेरी पाय, त्याचा अडॅप्टर आणि केस मिळून साडेसात-आठ हजार. सॉफ्टवेअरचे पैसे शून्य. माझा पगार कुणी धरलेला नाही, मी पण धरत नाही.

आता इन्शुरन्सवाल्यांचे बग राहिलेत. त्यांचा जिरा क्लाउडवर नाही, त्यांच्याच सर्व्हरवर डेटा सेंटर आवृत्ती आहे. तिकडे जुना सर्च, कितव्या रेकॉर्डपासून तो आकडा, एकूण संख्या सगळं अजून चालतं, लॉगिनची पद्धत मात्र वेगळी, पर्सनल ॲक्सेस टोकन रिक्वेस्टच्या हेडरमध्ये बेअरर म्हणून द्यायचं, क्लाउडसारखा सोबत ईमेल नाही. म्हणजे ४ नोव्हेंबरला जो कोड मी वैतागून डिलीट केला तोच गिटच्या इतिहासातून परत काढतोय. दोन्हीसाठी एकच स्क्रिप्ट लिहायच्या फंदात पडलो होतो, आत इतके इफ-एल्स झाले की सोडून दिलं. दोन वेगळ्या फाईली, दोघी एकाच टेबलात लिहितात. सोमवारी त्यांच्या आयटीकडून आमचा आयपी (नेटवरचा पत्ता) उघडून मिळाला की चालवून बघतो.